'अनसेफ' म्हणजे उघडतं

समर्थ रामदास भर मांडवातून पळाले ते 'सावधान' हा शब्द ऐकून, अशी आख्यायिका आहे. भटजींनी शब्द उच्चारला, त्यांनी तो मनावर घेतला आणि अंतरपाटाच्या अलीकडून जे निघाले ते थेट नाशिकजवळ टाकळीला. आता समजा, त्या काळी असा रिवाज असता की भटजींनी दर पाच मिनिटांनी 'सावधान' म्हणायचं आणि दर वेळी मुलाच्या मामानं "काही नाही रे, म्हणतात ते तसंच, तू उभा राहा" म्हणून खांदा दाबायचा, तर काय झालं असतं? समर्थ चारचौघांसारखे संसाराला लागले असते आणि महाराष्ट्र दासबोधाला मुकला असता.

आज 'सावधान'ची हीच गत झाली आहे. भटजींच्या जागी ब्राउझर आला आहे, आणि मामांची तर फौज आहे.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरचं पान आणून तुमच्यापुढे ठेवणारा एक कारकून. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्या कारकुनांची नावं. मीही बँकेत कारकून असल्यामुळे मला या मंडळींविषयी जातभाईचा कळवळा आहे. पण जातभाई असला म्हणून त्यानं गिऱ्हाइकाशी कसंही बोलावं असं नाही. हा कारकून सरळ काम करता करता मधेच फाईल मिटतो, लाल त्रिकोण काढतो, त्यात उद्गारचिन्ह घालतो आणि सांगतो, की तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती, पासवर्ड, क्रेडिट कार्ड चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतील. खाली एक संकेताक्षर टाकतो. ते 'नेट'पासून सुरू होतं, मग टिंबांच्या दोन जोड्या, मग 'एर्र'. हे 'एर्र' म्हणजे चूक असं जाणकार सांगतात. मला ते नेहमी अनोळखी माणूस बघून गुरगुरल्यासारखं वाटतं.

शिरूरच्या एसटी स्टँडाच्या बाजूला एका सेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी उभा होतो. पुढे न्हावऱ्याकडचे एक बाबा. त्यांना कुठल्याशा खात्याचा दाखला हवा होता. मुलानं पान उघडायला घेतलं आणि पडद्यावर लाल त्रिकोण उगवला. बाबांनी चष्मा वर केला.

"काय म्हंतंय त्ये?"

"काय नाय बाबा, रोजचंच आहे."

"लाल दिसतंय."

"लालच असतंय. आता इथं ॲडव्हान्स्डवर दाबायचं. मग खाली बारीक अक्षरात अनसेफ लिहिलेलं येतं. त्याच्यावर दाबायचं."

"अनसेफ म्हंजी?"

"म्हंजे उघडतं."

मुलगा विनोद करत नव्हता, आणि खोटंही बोलत नव्हता. त्याच्या शब्दकोशात 'अनसेफ'चा अर्थ खरोखरच 'उघडतं' असा होता, कारण दिवसातून तीस वेळा ते तसंच उघडत होतं. 'सेफ' लिहिलेल्या बटणावर दाबलं की मात्र काहीच उघडत नसे. माणूस होता तिथंच परत येई. तेव्हा या तालुक्यात 'सेफ' म्हणजे 'काम न होणं' आणि 'अनसेफ' म्हणजे 'काम होणं' असा अर्थ रूढ झाला असेल, तर त्यात व्याकरणाची चूक काढायला जागा नाही.

शहाण्यासुरत्या माणसांपाशी हा विषय काढा, ते हटकून म्हणतात, "अहो, आपले लोक अडाणी. वाचतच नाहीत. दिसलं की दाबतात." असं म्हणणारे बहुतेक पुण्यात राहतात. माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

२०१३ साली अमेरिकेत दोघा अभ्यासकांनी क्रोम आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी अशा इशाऱ्यांचं काय केलं त्याची मोजदाद प्रसिद्ध केली होती. सगळ्या प्रकारचे मिळून अडीच कोटींवर इशारे त्यांनी तपासले. कनेक्शनचा हा लाल इशारा आल्यावर क्रोमचे लोक शंभरातले सत्तर वेळा 'असू दे' म्हणून पुढे गेले होते. फायरफॉक्सचे तेहतीस वेळा. आता काय म्हणायचं? क्रोम वापरणारे सगळे न्हावऱ्याचे आणि फायरफॉक्सवाले सगळे सदाशिव पेठेतले? फायरफॉक्समध्ये पुढे जायला जास्त दाबादाबी करावी लागे, आणि एकदा दिलेली परवानगी तो लक्षात ठेवी, त्यामुळे त्याच पानासाठी तो पुन्हा पुन्हा विचारत नसे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण म्हणजे मुद्दा तोच झाला. माणूस वाचतो की नाही हे सांगणारा कसा आणि किती वेळा सांगतो यावर ठरतं. आणि ती सत्तर टक्के माणसं साहेबाच्या देशातली, इंग्रजी जाणणारी धरून होती बरं का.

आणि आमची माणसं इशारा मानत नाहीत असं ज्याला वाटतं, त्यानं शिरूरच्या बेट भागात यावं. टाकळी हाजी, जांबूत, पिंपरखेड. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात बिबट्यानं माणसं मारली, लहान मुलं मारली. त्यानंतर शेतात जाणाऱ्या बायकांनी गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घातले होते. यात विनोद नाही, आणि मी करणारही नाही. एवढंच सांगतो, की वनखात्यानं तिथं जे सांगितलं ते नेमकं होतं. रात्री एकट्यानं जाऊ नका, हातात बॅटरी असू द्या, मोठ्यानं बोलत चला, वाकून बसू नका. प्राणी कोणता, तो कुठं असतो, आपण काय करायचं, हे सगळं त्यात होतं. लोकांनी ते ऐकलं, इतकं ऐकलं की लोखंड गळ्यात घातलं. आता त्याच फलकावर 'या परिसरात हल्लेखोर असू शकतील, अधिक माहितीसाठी ॲडव्हान्स्ड' असं लिहिलं असतं आणि तो फलक शाळेच्या दारात, देवळाच्या पायरीवर, पिठाच्या गिरणीपाशी, सगळीकडे सारखाच लावला असता, तर?

तेव्हा अडाणी कोण हे आपण नंतर ठरवू. आधी तो इशारा मुळात कशाचा असतो ते बघू. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ते समजायला मुळीच जड नाही. कारण ब्राउझर तिथं जे करतो तेच आम्ही काउंटरवर चेक घेऊन करतो.

चेक आला की आम्ही नाव बघतो, तारीख बघतो आणि सही बघतो. सहीचा नमुना आमच्याकडे कार्डावर असतो, त्याच्याशी ताडतो. प्रत्येक संकेतस्थळाकडे असंच एक प्रमाणपत्र असतं. तुम्ही जो पत्ता टाकला तेच नाव त्यावर आहे का, तारीख चालू आहे का, आणि ज्यानं ते दिलं त्याच्या सहीचा नमुना आपल्या पुस्तकात आहे का, हे ब्राउझर डोळ्याचं पातं लवायच्या आत बघून घेतो. तिन्ही जुळलं तर पान उघडतं. एक जरी बिनसलं, तरी लाल त्रिकोण.

फरक पुढे आहे. आम्ही चेक परत करतो तेव्हा सोबत एक मेमो लावतो. त्यावर कारणं छापलेली असतात आणि जे लागू असेल त्यावर खूण करतो. शिल्लक अपुरी. सहीत फरक. अक्षरी व अंकी रकमेत फरक. तारीख पुढची. चेक शिळा. गिऱ्हाईक चिडतं, पण त्याला कळतं की दोष कुणाचा आणि कुठं जायचं. 'चेक शिळा' म्हटलं की तो देणाऱ्याकडे जातो आणि नवा लिहून मागतो. (पूर्वी चेक सहा महिने ताजा राहत असे. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेनं ते वय तीन महिन्यांवर आणलं. काही पेन्शनर मंडळी अजून सहा महिन्यांच्याच हिशेबानं चालतात आणि मला दोष देतात.) या यादीत एक जुनं सोयीचं कारणही आहे, 'रेफर टू ड्रॉअर'. म्हणजे, आम्हाला विचारू नका, ज्यानं दिला त्याला विचारा. काही न सांगता हात झटकायचे असले की जुने हेडक्लार्क यावर खूण करत. ब्राउझरचा तो लाल कागद म्हणजे सगळ्या कारणांसाठी एकच 'रेफर टू ड्रॉअर', आणि वर चोराची भीती. तारीख कालच संपली असेल तरी चोर. नावात मागचा-पुढचा तुकडा राहिला असेल तरी चोर. खरं कारण त्या गुरगुरणाऱ्या संकेताक्षरात असतं, बारीक, इंग्रजीत. आम्ही उद्या तारीख उलटलेल्या प्रत्येक चेकवर 'हे गृहस्थ दरोडेखोर असू शकतील' असा शिक्का मारायला लागलो तर गिऱ्हाईक पहिल्या दिवशी हादरेल, आठव्या दिवशी हसेल, आणि महिन्याभरानं खराखुरा दरोडेखोर आला तर त्याला पाणी विचारील.

ब्राउझरला नीट बोलताच येत नाही असं नाही. तारखेच्या बाबतीत क्रोम आता पुष्कळदा स्पष्ट सांगतो, की तुमचं घड्याळ मागे आहे. दौंडला आमचे एक शिक्षक स्नेही आहेत. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर हा निरोप रोज यायला लागला. सर तिरमिरले. कारण सर दौंडचे. त्यांचं मनगटी घड्याळ रेल्वेच्या घड्याळाला लावलेलं. (रेल्वेच्या वेळेला नव्हे, रेल्वेच्या घड्याळाला.) त्यांनी पडद्यापुढे मनगट धरून कॉम्प्युटरला ते दाखवलंसुद्धा. पडद्याच्या कोपऱ्यातले तास-मिनिटं ते रोज सकाळी स्वतः जुळवत. वर्षाकडे मात्र बघायचं राहून जाई, आणि तिथं १ जानेवारी २०१० होता. कॉम्प्युटरच्या पोटात एक रुपयाएवढी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं तिचं काम. ती मेली की कॉम्प्युटर दर वेळी त्याच्या बालपणात परत जातो. मग आजचं प्रमाणपत्र त्याला पुढच्या तारखेच्या चेकसारखं दिसतं आणि सगळं जग लबाड वाटायला लागतं. (असं होणारी माणसंही माझ्या पाहण्यात आहेत, पण त्यांची बॅटरी मिळत नाही.) सरांना एका दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून नव्यानं भरायला सांगितलं होतं, दुसऱ्यानं इंटरनेटवाला बदलायला. शेवटी घड्याळजीकडे ती बॅटरी मिळाली. तिचं नाव सीआर २०३२, आणि यात गूढ काही नाही, वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड. चहा-भज्यांच्या खर्चात काम झालं.

असे निरुपद्रवी प्रकार पुष्कळ असतात. एखाद्या लॉजवर किंवा स्टेशनवर फुकटचं वायफाय घेतलं, की आधी मोबाईल नंबर मागणारं पान मधे घुसतं. ब्राउझरला कुणीतरी मधे आल्याचा वास येतो आणि तो ओरडतो. व्हायरस मारणारी सॉफ्टवेअरंही तुमचं टपाल वाटेत उघडून बघतात, त्यावरही तो ओरडतो, आणि तिथं तर मी म्हणेन ओरडायलाच हवं. जुन्या कॉम्प्युटरमधलं सह्यांच्या नमुन्यांचं पुस्तकच जुनं असतं, त्यामुळे नवी सही ओळखू येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुना, जगभर चालणारा सहीचा नमुना मुदत संपून बाद झाला, त्या दिवशी कितीतरी जुन्या यंत्रांना चांगली चांगली पानं परकी झाली. यातल्या कशातही चोर नव्हता.

मग चोर कधीच नसतो का? असतो. २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र करून घेतलं. त्याचा उपयोग इराणमधल्या लोकांचं टपाल वाचण्यासाठी झाला. तिथल्या एकाला क्रोमनं इशारा दिला, त्यानं तो 'रोजचंच आहे' म्हणून न उडवता जगाला विचारलं, आणि सगळं बाहेर आलं. ती कंपनी महिन्याभरात दिवाळखोरीत निघाली. त्या माणसाच्या शेजारी आमचा सेवा केंद्रातला मुलगा बसलेला असता, तर?

आणि आपल्या घरी काय घडलं होतं तेही ऐका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याखाली दिल्लीत सह्यांचे एक नियंत्रक नेमले गेले. भारत सरकारच्या या सहीचा नमुना मायक्रोसॉफ्टच्या पुस्तकात होता, त्यामुळे विंडोजवरचा क्रोमही ती मानत असे. फायरफॉक्सच्या पुस्तकात तो नव्हताच. मग २०१४ च्या जुलैत गूगलनं जाहीर केलं, की आमच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनआयसीकडून, निघाली आहेत. नियंत्रकांनी ती व्यवस्था लगोलग रद्द केली. एनआयसीच्या यंत्रणेत कुणीतरी घुसखोरी केल्याचं सांगण्यात आलं. गूगलनं त्यानंतर भारत सरकारच्या सहीला ठराविक भारतीय पत्त्यांपुरतंच बांधून टाकलं. म्हणजे घरच्या माणसाला 'तू फक्त माजघरात सही कर' असं सांगण्यात आलं. यात राष्ट्राभिमान दुखावून घ्यायची माझी तयारी होती. पण बँकेत असतो तर मीही हेच केलं असतं. जिथून एकदा कोरे चेक फुटले त्या शाखेचा चेक आम्ही दोनदा उलटून बघतो.

दौंडचेच दुसरे एक गृहस्थ, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मी हा सगळा प्रकार समजावून सांगितला. ते म्हणाले, "आमच्यात पण लाल ओलांडता येतो की!" मी चमकलो. मग त्यांनी नियम सांगितला. काही मार्गांवर आपोआप बदलणारे सिग्नल असतात, त्यांच्या खांबावर 'ए' अक्षराची गोल पाटी असते. तो लाल असला तर दिवसा एक मिनिट थांबायचं, रात्री दोन मिनिटं, आणि मग अतिशय जपून, थांबता येईल अशा बेतानं पुढे सरकायचं. "आणि पाटी नसली, काका?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी अर्धा इंच बुटका झालो. "पाटी नसली की लाल म्हणजे लाल. हातात कागद आल्याशिवाय चाक हलायचं नाही."

लाल दोन प्रकारचा, आणि कुठला कोणता ते खांबावरच लिहिलेलं. ब्राउझरमध्येही खरं तर असे दोन लाल आहेत. २०१२ पासून अशी सोय आहे, की एखाद्या संकेतस्थळानं 'आमच्या बाबतीत मागचं दार ठेवू नका' असं आधी कळवून ठेवलं, की त्या पानावर 'अनसेफ'ची ओळ येतच नाही. मोठमोठ्या संकेतस्थळांनी तसं कळवलेलं आहे. पण हे बाहेरून दिसत नाही. पाटी नाही, खांब सारखाच रंगवलेला. आमचा सेवा केंद्राचा मुलगा ती ओळ सापडेना की म्हणतो, "आज सर्व्हर जास्त डाऊन आहे." त्यावरही तोड आहे म्हणतात. क्रोमच्या त्या लाल पानावर कुठंही रकाना नसताना आंधळेपणानं बारा अक्षरं टंकली की दार उघडतं. द्वादशाक्षरी मंत्रच. कारखान्यातल्या मेकॅनिक मंडळींसाठी तो ठेवला आहे. मी तो छापत नाही. आमच्याकडे मंत्र एकदा फुटला की रिक्षाच्या मागे लिहिलेला सापडतो.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे रागावर येतो.

आमच्या कामाचा संबंध असलेल्या एका खात्याच्या पानावर हा लाल त्रिकोण कित्येक आठवडे येत होता. प्रमाणपत्राची मुदत संपली होती, इतकंच. नवं घ्यायचं होतं. यासाठी पैसे लागतात म्हणावं तर तसंही नाही. २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची संस्था ही प्रमाणपत्रं फुकट देते आणि ती आपोआप नवी करून घ्यायची सोयही आहे. खात्यानं काय केलं? सूचना काढली. रीतसर, चित्रांसह, लाल बाण काढून. 'पान उघडताना धोक्याचा संदेश आल्यास नागरिकांनी घाबरून जाऊ नये. प्रथम ॲडव्हान्स्डवर क्लिक करावे, तदनंतर खालील ओळीवर क्लिक करावे.' ती सूचना गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरली. ज्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं त्यालाही ते दोन ठोके पाठ झाले. साक्षरता अभियानाला जे जमलं नाही ते या बाणांनी करून दाखवलं.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या काउंटरवर एक बाई आल्या. दोन म्हशी, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यात जमा होतात, तेवढाच व्यवहार. मोबाईलवर अनुदानाच्या केवायसीचा निरोप आला होता, दुव्यावर दाबलं, फोननं विचारलं की हे धोकादायक असू शकतं, पुढे जायचं का. बाई पुढे गेल्या. खात्यात होते ते सगळे गेले. रक्कम सांगत नाही. वाचणाऱ्याला ती लहान वाटेल आणि तेच मला नको आहे.

१९३० या नंबरला फोन लावून दिला. तक्रार लिहून घ्यायला मीच बसलो. मी विचारलं, "मावशी, फोननं धोका आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं की. पण त्ये तर सरकारच्या कागदालाबी सांगतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, फॉर्म मात्र होता. ग्राहकाची जबाबदारी किती यावर रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. त्यात म्हटलं होतं, की ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकानं सोसायचं. निष्काळजीपणा! ज्या बाईला एका खात्यानं चित्रं काढून, बाण मारून, लाल दिसलं की दोनदा दाबायचं असं शिकवलं, आणि तिनं तो धडा बिनचूक गिरवला, ती निष्काळजी. आणि ज्यानं मुदत संपलेलं प्रमाणपत्र आठवडेच्या आठवडे दारावर टांगून ठेवलं, तो काळजीवाहू.

इथं कुणीतरी हमखास सांगतं, की लोकांना शिकवा. कुलूप बघायला शिकवा. अहो, ते पण शिकवून झालं. वर्षानुवर्षं आम्ही बँकांनीच भित्तिपत्रकं लावली, 'पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं की व्यवहार सुरक्षित.' त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की पाकीट वाटेत कुणी फोडणार नाही. ज्याच्या हाती पाकीट पडणार तो सज्जन आहे की भामटा, याविषयी कुलूप मुकं. प्रमाणपत्र फुकट मिळतं म्हटल्यावर भामट्यांनीही ते घेतलं, आणि भामट्यांची मुदत कधी संपलेली मी पाहिली नाही. ते वेळच्या वेळी नवं करतात. शेवटी २०२३ च्या सप्टेंबरात क्रोमनं ते कुलूपच काढून टाकलं, लोक त्याचा भलताच अर्थ घेतात म्हणून. आमचं भित्तिपत्रक अजून काही ठिकाणी आहे. त्यावरचं कुलूप कुठं सापडतं असं विचारायला आजही माणसं येतात.

एक गोष्ट बरी झाली. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापला पत्ता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचा करायला सांगितलं. तो शेवट बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. ही झाली खांबावरची पाटी. न्हावऱ्याच्या बाबांना मी हे एका वाक्यात सांगू शकतो, आणि त्यांना ते कळतं.

पण खात्यांचं काय? पुढचं ताट तर आणखी वाढून ठेवलं आहे. ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्रवाले यांच्या जागतिक मंडळानं २०२५ च्या एप्रिलमध्ये ॲपलनं मांडलेला ठराव मंजूर केला. प्रमाणपत्राचं आयुष्य तोवर जास्तीत जास्त ३९८ दिवस होतं. ते १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. ज्या कचेरीला वर्षातून एकदा आठवण राहत नाही, तिला ती दर दीड महिन्यानं ठेवायची आहे. यंत्रावर सोपवलं तर चुटकीसारखं होईल. पण यंत्रावर सोपवायचं तर आधी टिपण, टिपणावर शेरा, शेऱ्यावर सही, सहीवर तारीख, आणि साहेब शिबिराला.

म्हणून माझी मागणी लोकांकडे नाही, ब्राउझरकडेही थोडीच आहे. त्यानं आमच्यासारखा एक मेमो छापावा, मराठीत, ठळक अक्षरात: 'मुदत अमुक तारखेस संपली. दोष तुमचा नाही. अमुक खात्यास विचारावे.' चोराचा संशय खरोखर असेल तेव्हाच चोर म्हणावं, आणि तेव्हा मात्र 'ॲडव्हान्स्ड' वगैरे न ठेवता दार लावून घ्यावं. उरलेली मागणी खात्यांकडे. शिल्लक नसताना चेक दिला तर आम्ही देणाऱ्याच्या खात्यातून दंड कापतो, आणि प्रकरण वाढलं तर कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. घेणाऱ्याला कुणी 'तू निष्काळजी' म्हणत नाही. तसंच इथंही व्हावं. कैद नको, साहेब लोक आधीच रजेवर असतात. पण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे जितक्या माणसांना लाल त्रिकोण दिसला तितके परतीचे आकार त्या खात्याच्या नावे टाकावेत आणि ते दुधाच्या पैशांच्या त्या खात्यात जमा करावेत. आणि जीएसटी अठरा टक्के, तो वेगळा.